नैतिक संवेदनक्षमता, व्यवसायातील

काम करीत असताना समोर आलेल्या प्रसंगात नैतिक प्रश्न गुंतलेला आहे हे ओळखणे, आपल्या कृतीचा कोणावर कसा परिणाम होईल हे जाणणे आणि कृतीचे निरनिराळे पर्याय कल्पिणे, या क्षमतेस नैतिक संवेदनक्षमता असे म्हणतात. एखाद्या वृद्ध रुग्णाने शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर ते न वाचताच सही केली, असे समजू. एका परिचारिकेस तो नित्याच्या कागदपत्रांतील एक कागद वाटतो. दुसरीस, रुग्णाला शस्त्रक्रियेचे धोके समजले आहेत काय, अशी शंका येते. दोघींची नैतिक मते सारखीच असू शकतील. फरक असतो तो प्रश्न दिसण्या-न दिसण्याचा.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग (१९२७–८७) यांच्या संशोधनाचा भर नैतिक निवाड्यावर, म्हणजे योग्यायोग्य ठरविताना माणूस कोणती कारणे देतो यावर, होता. जेम्स रेस्ट यांनी १९८० नंतरच्या दशकात नैतिक वर्तनाचे संवेदनक्षमता, निवाडा, प्रेरणा आणि चारित्र्यबल असे चार घटक मांडले. हे घटक परस्परांशी संबंधित असले, तरी एकाची उणीव दुसरा भरून काढीलच असे नाही. ज्यास प्रश्नच जाणवला नाही, त्याच्या निवाडाशक्तीला कामच उरत नाही.

याचे बोधप्रद उदाहरण फोर्ड कंपनीच्या पिंटो मोटारीच्या प्रकरणात आढळते. या मोटारीची इंधनटाकी मागील आसाच्या मागे असल्याने पाठीमागून धडक बसल्यास आग लागण्याचा धोका होता. सदोष मोटारी परत बोलाविण्याच्या कामाचे समन्वयक म्हणून १९७३ च्या सुमारास तेथे असलेले डेनिस जॉया पुढे व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९९२ मध्ये त्यांनी आपल्या तेव्हाच्या विचारप्रक्रियेचे विश्लेषण प्रसिद्ध केले. अपघातांच्या अहवालांत ठराविक दोषांची वारंवारता शोधणे, हे त्यांचे नित्याचे काम होते. पिंटोसंबंधीचे अहवाल त्या साच्यात बसले नाहीत आणि त्यांत नैतिक प्रश्न आहे असे त्या वेळी वाटलेच नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ते स्वतः हीच मोटार वापरीत असत. कामाचा भार, सवयीच्या पद्धती आणि ‘खर्च’, ‘प्रकरण’ यांसारखी निर्विकार परिभाषा यांमुळे प्रसंगाची नैतिक बाजू दृष्टीआड होते, हे यावरून दिसून येते.

मापन : संवेदनक्षमतेच्या मापनात एक मूलभूत अडचण आहे. ‘यात नैतिक प्रश्न कोणता?’ असे विचारताच प्रश्न आहे हे उघड होते व मोजावयाची गोष्टच निसटते. ही अडचण टाळण्यासाठी म्यूरिएल बेबो, रेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिनेसोटा विद्यापीठात दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी एक कसोटी तयार केली (१९८५). विद्यार्थ्यास दंतवैद्य व रुग्ण यांच्यातील संवाद ध्वनिफितीवर ऐकविला जातो व त्याने दंतवैद्याच्या भूमिकेतून उत्तर द्यावयाचे असते. रुग्णाची विशेष परिस्थिती आणि दंतवैद्याची कर्तव्ये त्याच्या ध्यानात आली किंवा नाही, हे पाहून प्रशिक्षित परीक्षक गुण देतात. ही पद्धती वेळखाऊ असते. स्वीडनमध्ये किम ल्यूत्सेन यांनी मानसोपचार क्षेत्रातील परिचर्येच्या संदर्भात विकसित केलेली प्रश्नावली (१९९४) वापरण्यास सोपी आहे. २००६ मध्ये तिची नऊ विधानांची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध झाली. मात्र अशा प्रश्नावलीत व्यक्ती स्वतःविषयी सांगते तेच नोंदले जाते आणि स्वतःचे अज्ञान स्वतःस क्वचितच दिसते. म्हणून अशा गुणांचा उपयोग शिक्षणाचे मूल्यमापन करण्यासाठी करणे इष्ट. नोकरभरतीत किंवा बढतीत केल्यास पढविलेली उत्तरे मिळण्याचा संभव अधिक.

विकास : संवेदनक्षमता शिक्षणाने वाढू शकते, असे दंतवैद्यकातील अभ्यासांत आढळले आहे. केवळ आचारसंहिता पाठ करून मात्र हे साधत नाही. त्या-त्या व्यवसायातील संदिग्ध प्रसंगांची चर्चा, रुग्ण, ग्राहक वा कामगार यांची भूमिका घेऊन केलेला विचार आणि तज्ञाने उत्तरावर दिलेला अभिप्राय हे उपाय अधिक उपयुक्त ठरतात.

तथापि व्यक्तीला जाणीव असणे पुरेसे नसते. चॅलेंजर अवकाशयानाच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री, २७ जानेवारी १९८६ रोजी, अग्निबाण बनविणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी कडाक्याच्या थंडीत रबरी कड्या निकामी होतील असा इशारा दिला होता. त्यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यास अभियंता म्हणून नव्हे, तर व्यवस्थापक म्हणून विचार करण्यास सांगण्यात आले. कंपनीने उड्डाणास संमती दिली आणि दुसऱ्या दिवशी सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. येथे धोका दिसला होता. उणीव होती ती शंकेस वजन देणाऱ्या व्यवस्थेची. ज्या संस्थेत शंका नोंदविणाऱ्यास संरक्षण नसते, तेथे माणसे प्रथम बोलणे सोडतात आणि कालांतराने पाहणेही सोडतात. म्हणून कर्मचाऱ्यांची संवेदनक्षमता वाढविण्याचा कार्यक्रम संस्थेच्या कार्यपद्धतीच्या परीक्षणाशी जोडणे आवश्यक ठरते.