एक भुंगा, दोन गळे

नाशिकच्या द्वारका चौकात संध्याकाळी गाडी अडकली की ती लवकर सुटत नाही. पुणे रोड इथेच आग्रा रोडला येऊन मिळतो. डोक्यावरून उड्डाणपूल, खाली रिक्षा, एसटी आणि ट्रक एकमेकांत गुंतलेले. परवा तसाच अडकलो आणि काचा वर करून 'घेई छंद मकरंद' हे पद लागोपाठ दोनदा ऐकलं, एकदा संथ चालीत आणि एकदा जलद चालीत. शब्द तेच, कवी तोच, संगीतकारही तोच. तरीही दुसऱ्यांदा ऐकताना कुणीतरी पहिल्या गाण्याला आव्हान देतंय असं स्पष्ट जाणवत होतं.

'कट्यार काळजात घुसली' या गोष्टीचा जीव या दोन चालींत आहे. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे संगीत नाटक १९६७ साली रंगभूमीवर आलं आणि २०१५ च्या दिवाळीत सुबोध भावे यांनी त्याचा चित्रपट केला. विश्रामपूर नावाचं संस्थान. तिथे गाण्याचा मुकाबला होतो. जिंकणाऱ्याला राजगायकाचं पद, हवेली आणि एक कट्यार मिळते. त्या कट्यारीने केलेला एक खून माफ! पंडित भानुशंकर शास्त्री वर्षानुवर्षं जिंकतात, खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले वर्षानुवर्षं हरतात. शेवटी खाँसाहेबांची बायको पंडितजींना शेंदूर खाऊ घालते आणि त्यांचा गळा कायमचा जातो. गवयाला मारायला कट्यार लागतच नाही.

पण दोन गवई एकमेकांहून वेगळे आहेत हे प्रेक्षकाला पटवायचं कसं? संवादांत कितीही सांगितलं तरी कानाला पुरावा हवा असतो. तो पुरावा नाटकाचे संगीतकार पं. जितेंद्र अभिषेकींनी दिला, आणि त्यासाठी त्यांनी एकच पद दोन वेळा बांधलं.

पंडितजींची संथ चाल सालगवराळी रागातली. या रागात मध्यम नाही. ऋषभ आणि गंधार दोन्ही कोमल, म्हणजे षड्जाला अगदी खेटून बसलेले. त्यामुळे सूर खालच्या अंगाला रेंगाळतो, एकेका जागेवर थांबून तिचा वास घेतो आणि मग हळूच गंधारावरून पंचमावर पाऊल टाकतो. पद आहे मकरंदाच्या छंदाचं, भुंग्याचं. या चालीतला भुंगा फुलात उतरलाय, पाकळ्या मिटल्या तरी त्याला कळणार नाही.

जलद चाल धानीतली. सा, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद एवढेच पाच सूर. इथे ऋषभ आणि धैवत गाळलेत, म्हणून दोन ठिकाणी मोठ्या फटी राहतात आणि तान त्या फटींवरून उड्या घेत सुटते. हाही भुंगाच, पण बसायला तयार नाही. या फुलावरून त्या फुलावर, आणि प्रत्येक झेपेत 'बघा, मला हेही येतं' अशी धमक. खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे हे गायचे. ज्या माणसाची आयुष्याची बरीच वर्षं सैन्याच्या हिशेबखात्यातल्या नोकरीत गेली, त्याच्या गळ्यात हे वादळ होतं. चित्रपटात खाँसाहेब झाले सचिन पिळगावकर, आणि त्यांना गळा दिला वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी.

मला थक्क करतं ते पुढचंच. वैर दोघांचं, पण दोन्ही बाजू एकाच माणसाच्या मनातून आल्यात. अभिषेकी गोव्यातल्या मंगेशीचे, कीर्तनकाराचे चिरंजीव. देवळातलं गाणं त्यांच्या रक्तात होतं. पुढे ते जगन्नाथबुवा पुरोहितांकडे शिकले, आणि बुवा आग्रा घराण्याचे. (द्वारकेवरून आग्र्याकडचा फाटा घेताना मला हे हटकून आठवतं.) पंडितजींचं आणि खाँसाहेबांचं, दोघांचंही गाणं त्यांनी आतून ओळखलं होतं. म्हणून त्यांनी कुणालाच खोटं पाडलं नाही. दोन्ही चाली इतक्या सुंदर की निकाल देणाऱ्याचे हात थरथरावेत.

असाच मुकाबला युरोपातही झाला, आणि तो खरोखर घडलाय. ७ फेब्रुवारी १७८६ या दिवशी सम्राट दुसऱ्या जोसेफने व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यातल्या एका लांबलचक दालनाच्या दोन टोकांना दोन संगीत नाटुकली लावली. एका टोकाला मोझार्टचं, दुसऱ्या टोकाला सालिएरीचं. पुढे सालिएरीने मोझार्टला विष घातल्याची अफवा उठली. पुश्किनने १८३० साली त्यावर छोटं नाटक लिहिलं, पीटर शॅफरने १९७९ साली मोठं, आणि १९८४ च्या 'आमादेउस' चित्रपटाने आठ ऑस्कर मिळवली. तिकडे विष, इकडे शेंदूर! विषाला मात्र पुरावा नाही. उलट मोझार्टच्या मृत्यूनंतर त्याच्या धाकट्या मुलाला सालिएरीने शिकवलं. आणि २०१५ साली प्रागच्या एका संग्रहालयात या दोघांनी मिळून, आणखी एका तिसऱ्यासह, १७८५ मध्ये केलेली एक छापील रचना सापडली. एका गायिकेचा आवाज गेला होता तो परत आला, त्या आनंदात केलेली.

आपल्याकडचा खरा मुकाबला ८ जुलै १९२१ चा. मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श, दोन चढाओढीच्या कंपन्या. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. एक सूर लोण्यासारखा मऊ, दुसरा कड्यावरून झेपावणारा. लोक कोण कुणाला मारतो ते पाहायला आले होते, आणि दोघांनी एकमेकांसमोर उभं राहून एकच नाटक गायलं. तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय अवघं ३१.

द्वारकेला सिग्नल सुटला तेव्हा धानीतली तान संपत आली होती. मागून हॉर्न वाजू लागले, तरी मी ती समेवर येईपर्यंत थांबलो. मग गाडी पुढे काढली आणि सालगवराळी पुन्हा लावली. तुम्हीही हाच क्रम ठेवून पाहा, आधी जलद आणि मग संथ. इतका वेळ फिरणारा भुंगा कोमल गंधारावर येऊन टेकतो, ती जागा लगेच ओळखू येईल.