लिंकवरून लागणारा फोन

ब्राउझरमधून होणाऱ्या कॉलला वेगळे अ‍ॅप लागत नाही, नंबरही लागत नाही. मोबाइलवर आलेली लिंक उघडली की क्रोम किंवा सफारी कॅमेरा आणि माइक वापरण्याची परवानगी विचारतो. होकार दिला की समोरचा माणूस पडद्यावर दिसू लागतो. या तंत्राचे नाव वेबआरटीसी. गूगलने 2010 मध्ये ग्लोबल आयपी सोल्युशन्स ही कंपनी विकत घेतली आणि तिचे तंत्र पुढच्याच वर्षी सर्वांसाठी खुले केले. फेब्रुवारी 2013 मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स एकमेकांशी बोलू लागले, 2017 मध्ये सफारीने ते स्वीकारले आणि जानेवारी 2021 मध्ये डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने त्याला अधिकृत मानकाचा दर्जा दिला.

टेलिकॉम कंपन्यांना या तंत्राची पहिली भीती वाटली ती मिनिटांच्या कमाईची. एसटीडी बूथच्या काळात दर अंतरावर ठरत. पूर्ण्याहून जवळच्या परभणीला बोलण्याचा दर वेगळा आणि दूरच्या मुंबईला बोलण्याचा वेगळा. रात्री उशिरा दर उतरले की बूथबाहेर गर्दी होई. भारतात ही कमाई ब्राउझरने खाल्लीच नाही, ती आधीच संपत आली होती. सप्टेंबर 2016 मध्ये जिओने कॉल फुकट केले आणि 1 जानेवारी 2021 पासून एका कंपनीने दुसरीला मिनिटामागे द्यायचे सहा पैशांचे शुल्कही बंद झाले. आता ग्राहक पैसे भरतो ते रिचार्जचे, म्हणजे मुख्यतः डेटाचे. त्यामुळे ब्राउझर कॉलमुळे काय गेले, याचा हिशेब भारतीय कंपन्यांनी सोडून द्यावा हे बरे. या कॉलला जे स्वतःहून जमत नाही ते पुरवणे, यातच त्यांचा धंदा आहे.

काय जमत नाही, ते तालुक्याच्या गावी चटकन दिसते. पूर्णा हे परभणी जिल्ह्यातले तालुक्याचे गाव आणि दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागातले जंक्शन. परभणी-नांदेड मार्गाला हिंगोली-वाशीम-अकोल्याकडची लाईन इथेच मिळते. समजा, परभणीहून नांदेडला निघालेल्या गाडीतला प्रवासी मुलाशी व्हिडिओवर बोलतो आहे. गाडी पूर्ण्याला थांबताच फोनने प्लॅटफॉर्मवरचे वाय-फाय पकडले आणि ती पुढच्या चुडावा स्थानकाकडे निघाल्यावर तो पुन्हा मोबाइल डेटावर आला, तर दोन्ही वेळा फोनचा इंटरनेटवरचा पत्ता बदलतो. ब्राउझरला नवी वाट शोधावी लागते आणि तेवढा वेळ चित्र गोठते. रेंज उतरली की आधी चित्र धूसर होते, मग जाते. आवाज मात्र तग धरतो, कारण 2012 मध्ये मानक ठरलेली ओपस ही ध्वनी आवळण्याची पद्धत सेकंदाला सहा किलोबिटवरही चालते. वाट पुढेमागे कशीही असली, तरी शेवटचा टॉवर कंपनीच्याच हातात असतो. कॉल कुठे अडखळतो हे तिला ब्राउझर बनवणाऱ्यापेक्षा आधी कळते.

डेटाचा हिशेबही पाहण्याजोगा आहे. सेकंदाला एक मेगाबिटचे चित्र दोन्ही बाजूंनी तासभर चालले तर सुमारे 900 एमबी जातात. रोजचा दीड जीबीचा पॅक दोन तासांच्या आत संपतो. नुसता आवाज तासाला 50 एमबीच्या आतबाहेर भागतो.

सरकारी पातळीवर या तंत्राची सगळ्यांत मोठी कसोटी आरोग्यसेवेत लागली. सी-डॅकच्या मोहाली केंद्राने उभारलेली ई-संजीवनी ही दूरवैद्यकीय सल्ल्याची सेवा नोव्हेंबर 2019 मध्ये सुरू झाली. टाळेबंदीत, एप्रिल 2020 मध्ये, रुग्णाला घरूनच डॉक्टरशी बोलता येईल अशी तिची बाह्यरुग्ण सेवा आली आणि फेब्रुवारी 2023 पर्यंत तिच्यावरच्या सल्ल्यांनी दहा कोटींचा टप्पा गाठला. उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवतो आणि दूरचा डॉक्टर पडद्यावरून तपासतो, ही तिची रचना पूर्णा तालुक्यातल्या ताडकळससारख्या भागासाठी फार मोलाची आहे. मजुरी बुडवून बसने जिल्ह्याच्या गावी जाण्याची एक फेरी वाचते. अशा उपकेंद्राला खात्रीची लाईन, ती तुटली तर आपोआप सुरू होणारी दुसरी जोडणी आणि चित्र गेल्यास तोच सल्ला साध्या फोनवर पुढे चालू ठेवण्याची सोय हवी. या तिन्ही गोष्टी टेलिकॉम कंपनीने विकण्याच्या आहेत.

तिसरी सोय तर तिलाच शक्य आहे. इंटरनेटवरचा कॉल देशातल्या साध्या फोनवर उतरवायचा तर तो परवानाधारकाच्या जाळ्यातूनच जावा लागतो. ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाच्या 2017 च्या शिफारशींनंतर दूरसंचार विभागाने 2018 मध्ये इंटरनेट टेलिफोनीचे नियम स्पष्ट केले आणि बीएसएनएलने लगेच ‘विंग्ज’ ही अशा कॉलची सेवा आणली.

बँकांची गरज वेगळी आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2020 मध्ये व्हिडिओवरून ग्राहकाची ओळख पटवण्यास परवानगी दिली. ग्राहक भारतातच आहे का, पडद्यावरचा माणूस खरा आहे का, हे त्या कॉलमध्येच ठरते. हातातले सिमकार्ड खरोखर त्याच नंबरचे आहे, ही खात्री मात्र टेलिकॉम कंपनी जाळ्यातूनच देऊ शकते, ओटीपी न मागता. फसवणुकीच्या आजच्या दिवसांत या खात्रीला बँका पैसे मोजतील.

कंपन्यांनी आजवर बहुतेक वेळा दुसरीच वाट धरली: स्वतःचे बैठकीचे अ‍ॅप. जुलै 2020 मध्ये जिओमीट आले, त्याच महिन्यात एअरटेलने व्हेरायझनच्या ब्लूजीन्सला सोबत घेतले. व्हेरायझनने 2023 मध्ये ब्लूजीन्स बंद करण्याचे जाहीर केले. झूम आणि गूगल मीट फुकटात मिळत असताना आणखी एक तसेच अ‍ॅप चालणे अवघडच होते. स्पेनच्या टेलिफोनिकाने 2012 मध्ये टॉकबॉक्स ही वेबआरटीसीतली आघाडीची कंपनी घेतली होती, पण 2018 मध्ये ती साडेतीन कोटी डॉलरला व्होनेजला देऊन टाकली. पुढे 2022 मध्ये एरिक्सनने अख्खी व्होनेज 6.2 अब्ज डॉलरला विकत घेतली, ती मुख्यतः दुसऱ्यांच्या अ‍ॅपमध्ये कॉल बसवून देण्याच्या तिच्या धंद्यासाठी. एअरटेल आयक्यू (2020) आणि टाटा कम्युनिकेशन्सने 2023 मध्ये घेतलेली कलेरा याच धंद्यातल्या आहेत, आणि ही वाट जास्त योग्य वाटते.

एक जुनी युक्ती मात्र इथे जशीच्या तशी चालणार नाही. 2004 मध्ये सुरू झालेल्या किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा नंबर शेतकऱ्याला फुकट पडतो, कारण बिल सरकार भरते. डॉक्टरच्या किंवा कृषितज्ज्ञाच्या व्हिडिओ कॉलचा डेटा असाच फुकट ठेवायला कंपनी गेली, तर ‘ट्राय’चा फेब्रुवारी 2016 चा नियम आड येतो: त्यानुसार मजकूर पाहून डेटाचे दर वेगळे लावता येत नाहीत. फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ या फुकट इंटरनेट योजनेला अडवणारा तो नियम गरजेचाच होता. तेव्हा रुग्णाच्या रिचार्जवर भार पडू द्यायचा नसेल तर उपकेंद्राचीच लाईन मजबूत हवी, आणि तिचे पैसे आरोग्य खात्याने भरावेत.

लहान गावांत ही विक्री मुंबईतल्या कार्यालयातून होणे कठीण. बीएसएनएलची घरोघरची फायबर जोडणी अनेक ठिकाणी स्थानिक केबलवालेच उत्पन्नातल्या वाट्यावर देतात. गावातला दवाखाना, शिकवणीवर्ग, पतसंस्था आणि आडत दुकान यांना ते ओळखतात. दवाखान्याच्या पाटीवर छापलेला क्यूआर कोड स्कॅन केला की ब्राउझरमध्ये कंपाउंडरशी बोलणे सुरू व्हावे आणि तो कॉल दवाखान्याच्या नेहमीच्या नंबरवर वाजावा, अशी सेवा फायबरच्या मासिक बिलातच बसवता येईल. तिचा दर, तक्रार आली तर दुरुस्तीला कोण येणार आणि उत्पन्नातला केबलवाल्याचा वाटा किती, एवढे मूळ कंपनीने आधी ठरवायला हवे.