गिऱ्हाईक प्रोग्रॅमर असेल तर...

मंडळी, यंदा मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात चहाच्या रांगेत एक जुने मित्र भेटले. दीड वर्षापूर्वी भरभक्कम पगाराची नोकरी सोडून त्यांनी स्वतःचं सॉफ्टवेअर बनवलं. डेटाबेस कुठे अडतोय ते दाखवणारं, म्हणजे प्रोग्रॅमर लोकांच्याच कामाचं. त्यासाठी घरावर कर्ज काढलं, आणि मुलगी पुढच्या वर्षी कॉलेजात जाणार. म्हणाले, "अहो, वस्तू चांगली आहे, पण कुणी हातच लावत नाही. दोन हजार गुळगुळीत माहितीपत्रकं छापली, ती गराजमध्ये पडून आहेत."

मला हसू आलं नाही, कारण हा प्रताप मीही केलेला आहे. एम.एस. झाल्यावर काही वर्षांनी मी एका छोट्या कंपनीत होतो. आमच्या वेबसाइटवर "क्रांतिकारक" हा शब्द चार वेळा होता, किंमत मात्र एकदाही नव्हती. वापरून बघायचं तर आधी फॉर्म भरा, मग सेल्समनचा फोन येणार! एका प्रदर्शनात स्टॉलवर एका मुलीनं मला विचारलं, "मध्येच नेटवर्क गेलं तर डेटा जातो का?" जातो, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण साहेबांनी पढवल्याप्रमाणे मी गोलमोल बोललो. तिनं माहितीपत्रक शांतपणे टेबलावर परत ठेवलं आणि ती निघून गेली. वर्षभरात आमचा विभाग बंद झाला. व्हिसा त्याच नोकरीवर आणि घरी तीन महिन्यांचं बाळ. ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो.

आपले वडील आंबे घ्यायला जायचे तेव्हा पेटीवरचं 'अस्सल देवगड' कधी वाचायचे का? आंबा उचलून थेट नाकाशी धरायचे. प्रोग्रॅमरची जात तीच. त्याला सांगितलेलं पटत नाही, करून बघितलेलं पटतं.

हे फार पूर्वी ओळखलं ते बोरलँडनं. १९८३ साली पास्कलचे कंपायलर शेकडो डॉलर्सना मिळत, तेव्हा त्यांनी टर्बो पास्कल ४९.९५ डॉलर्सना पोस्टानं विकायला काढलं. किंमत जाहिरातीतच छापलेली. परवान्यात वकिली भाषेऐवजी साधं सांगितलं होतं, की हे सॉफ्टवेअर पुस्तकासारखं वापरा, म्हणजे एका वेळी एकानंच. आपल्यापैकी कित्येकांनी कॉलेजात पहिला प्रोग्रॅम त्याच निळ्या पडद्यावर लिहिला असेल (विकत घेतलेल्या प्रतीवर, असं मात्र छातीठोकपणे सांगवत नाही).

स्ट्राइपची कथाही ऐकण्यासारखी आहे. कॉलिसन बंधू सुरुवातीला, कुणी "बघू वापरून" म्हणालं की "लिंक पाठवतो" म्हणत नसत. "दे तुझा लॅपटॉप" म्हणून तिथल्या तिथे जोडून देत. पुढे त्यांनी माहितीच्या पानांवरच्या नमुन्याच्या कोडमध्ये वाचणाऱ्याचीच चाचणीची किल्ली घालून ठेवली. उचला, चिकटवा, चालवा.

पैसे देणारा साहेब वेगळा असतो, हे खरं. पण रात्री जेवणं झाल्यावर जो घरी करून बघतो, तोच सकाळी साहेबाला सांगतो. ट्विलिओनं २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या हायवेवर फलक लावला, त्याचा मजकूर एवढाच, की तुमच्या डेव्हलपरला विचारा. साहेबांनी वाचावं आणि विचारावं प्रोग्रॅमरला!

तर मित्राच्या घरी आम्ही एका शनिवारी बसलो. मी नवखा म्हणून त्यांचं सॉफ्टवेअर बसवायला घेतलं. पन्नास मिनिटं लागली, आणि त्यातली तीस एका एररपायी गेली. "अज्ञात त्रुटी" एवढंच ते म्हणे! पासवर्ड चुकलाय, हे सांगायला काय हरकत होती? मित्र कपाळाला हात लावून बसले. महिनाभर त्यांनी नवं काही बांधलं नाही. एररचे संदेश सुधारले, फॉर्म काढून टाकला, किंमत पहिल्या पानावर घातली, आणि तिच्याखाली स्वच्छ लिहिलं, की फार मोठ्या डेटाबेसवर हे अजून हळू चालतं. हे लिहिताना त्यांचा जीव खालीवर होत होता. मी माझ्या स्टॉलची गोष्ट सांगितली, तेव्हा कुठे तयार झाले.

गेल्या आठवड्यात रात्री अकराला त्यांचा फोन आला. ओळखदेख नसलेल्या कुणी तरी तक्रार पाठवली होती, बग तपशीलवार लिहून. "म्हणजे कुणीतरी खरंच वापरतंय हो!" असा आनंद, की जणू पहिली ऑर्डरच आली. ती अजून यायची आहे. माहितीपत्रकांच्या कोऱ्या पाठींवर मात्र आपल्या मराठी शाळेची मुलं सध्या बाराखडी गिरवताहेत.