संस्कार आजीचे की आईचे? एक फसवा 'कंट्रोल'

माझी आजी तांदूळ धुतलेलं पाणी कधी मोरीत ओतत नाही, कुंडीत घालते. १९७२चा दुष्काळ तिने पाहिलाय. आईही तेच करते. हॉस्टेलवर मीसुद्धा बादली अर्धीच भरते. मग हा संस्कार माझ्यावर आजीने केला की आईने?

माझ्या पहिल्या आराखड्यात उत्तर सोपं होतं. आजी, आई, नातवंडं, तिघांची काटकसर मोजायची आणि रिग्रेशनमध्ये आईला 'कंट्रोल' करायचं. उरेल तो आजीचा थेट वाटा. गाइडनी एवढंच विचारलं, "तुमच्या कॉलनीत पाणी रोज यायचं का?"

गोम इथेच आहे. आमच्याकडे पाणी दिवसाआड यायचं. आजी गावी, तिचा त्या नळाशी संबंधच नाही; पण आईच्या आणि माझ्या सवयी त्या नळाने घडवल्या. म्हणजे आईकडे दोन बाण येतात, एक आजीकडून, एक कॉलनीकडून. अशा व्हेरिएबलला कोलायडर म्हणतात.

आता फक्त काटकसरी आया निवडा (कंट्रोल करणं म्हणजे साधारण हेच). त्यातल्या एखादीची आई उधळी होती. मग ही काटकसरी कशी झाली? बहुधा टंचाईच्या कॉलनीत राहून. तिची मुलंही तिथेच वाढली, तीही जपून वापरणारी. उलट जिला हे वळण आजीकडून मिळालं, तिच्या घरी चोवीस तास पाणी असू शकतं आणि मुलं नळ सोडून दात घासत असतील. आकडे म्हणणार, आजी जितकी काटकसरी तितकी नातवंडं उधळी! बिचाऱ्या आजीचा यात काहीच दोष नाही. रिचर्ड मॅकएलरीथ यांच्या 'स्टॅटिस्टिकल रीथिंकिंग'मध्ये आजीआजोबा आणि नातवंडांच्या शिक्षणाचं असंच उदाहरण आहे. सहावं प्रकरण, जरूर वाचा.

आईला कंट्रोल केलंच नाही तर? मग आईमार्फत आलेला धरून आजीचा एकूण परिणाम कळतो. तो प्रश्नही चांगला आहे, पण वेगळा आहे. थेट वाटाच हवा असेल तर पाणीपुरवठा मोजावाच लागतो. सॅम्पल वाढवून ही चूक जात नाही. चुकीचंच उत्तर आणखी ठामपणे मिळतं.

म्हणून माझ्या प्रश्नावलीत एक प्रश्न वाढलाय: मुलं शाळेत असताना नळाला आठवड्यातून किती दिवस पाणी यायचं? पायलटमध्ये मुलांना आठवेना. आयांना मात्र वारसुद्धा पाठ होते.