गाठ आतली की बाहेरची?



या पानावर आम्ही एरवी लागण, खोडवा आणि खताच्या मात्रा यांबद्दल लिहितो. या खेपेचा विषय चारचौघांत बोलायचा नव्हे, म्हणूनच लिहिणे भाग पडले. आमच्या गटातील एका सभासदांना वृषणामागे हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागत होती. दुखत नव्हती. लाजेपोटी दोन हंगाम त्यांनी कोणाला सांगितले नाही. कॅन्सरच्या धास्तीने मात्र निम्मे झाले.

उसात लाल कूज आहे का, हे आम्ही ऊस उभा चिरून पाहतो. इथे तसे चालत नाही. वृषणात कॅन्सरची शंका असली तर पिशवीतून सुई घालणेसुद्धा डॉक्टर टाळतात, रोग पसरण्याचा धोका असतो. म्हणून सोनोग्राफी. बाईच्या पोटातले मूल पाहतात ना, तीच. गार मलमासारखे काहीतरी लावून वरून यंत्राची मूठ फिरवतात. कानाला ऐकू न येणारा आवाज आत जाऊन परततो आणि पडद्यावर चित्र उमटते. एक्सरेचे किरण नाहीत, उपाशी राहायला नको.

डॉक्टर आधी दोनच गोष्टी पाहतात : गाठ वृषणाच्या आत की बाहेर, आणि पाण्याची की भरीव. पाणी काळे दिसते. हायड्रोसीलच्या पाण्याआड कधी गाठ लपलेली असते, ती हाताला लागत नाही पण इथे सापडते. बाहेरच्या गाठी बहुतेक साध्या निघतात. आतली भरीव गाठ मात्र कॅन्सर समजूनच पुढे जावे लागते; मग रक्ततपासणी आणि ऑपरेशन. त्यातही एक गाठ वेगळी, एपिडर्मॉइड सिस्ट. ती बहुधा कापलेल्या कांद्यासारखी पापुद्र्यापापुद्र्यांची दिसते, आणि डॉपलरने पाहिले तर तिच्यात रक्त खेळत नाही. अशी गाठ वेळीच ओळखली तर पुष्कळदा तेवढीच काढून वृषण वाचवता येते.

आमच्या सभासदांची गाठ बाहेरची, वृषणाला चिकटलेल्या बीजनळीच्या गुंडाळीवरची निघाली. पण भरीव. नुसत्या चित्रावर शंभर टक्के सांगता येईना, म्हणून डॉक्टरांनी तेवढीच काढून तपासायला पाठवली. अहवाल आला : अ‍ॅडिनोमॅटॉइड ट्यूमर, कॅन्सर नव्हे. वृषण जागच्या जागी. दोन वर्षे उगाच जाळली, असे ते स्वतःच म्हणाले.

एक राहिले. पोराच्या वृषणात अचानक असह्य कळ आली तर सकाळची वाट पाहू नका. पीळ पडलेला असू शकतो, आणि तो सहा तासांच्या आत सोडवला तर वृषण वाचण्याची आशा चांगली असते.