उंदीर विष का खात नाही? आधी पाहुणचार, मग विष



“औषध टाकलं, पहिल्या रात्री दोन-चार उंदीर मेले. पण त्यानंतर एकही उंदीर त्याला तोंड लावीना. औषधात भेसळ असेल का?” हा प्रश्न गावोगावी ऐकायला मिळतो. कुणी म्हणतं, उंदराला माणसाचं बोलणं कळतं, म्हणून त्याच्यादेखत विषाचं नाव काढू नये. मंडळी, उंदराला आपलं बोलणं कळत नाही. पण आपली घाई मात्र त्याच्या पथ्यावर पडते. बहुतेक वेळा औषध चांगलंच असतं. चूक असते ती टाकण्याच्या पद्धतीत. ही चूक कशी टाळावी, ते या पत्रिकेत सांगितलं आहे.

उंदराचा स्वभाव ओळखा

उंदीर हा मोठा संशयी प्राणी. रोजच्या वाटेवर नवी वस्तू दिसली की तो काही दिवस तिला बगल देऊन जातो. नवं खाणं दिसलं तर पोटभर खात नाही. थोडं चाखतो आणि थांबतो. याला कारण आहे. उंदराला उलटी होत नाही. गिळलेलं बाहेर टाकता येत नाही, म्हणून तो जपूनच खातो.

आता आपण काय करतो? बाजारातून झिंक फॉस्फाईडची काळपट भुकटी आणतो, पिठात कालवतो आणि त्याच रात्री बिळात टाकतो. या विषाचा पोटातल्या आम्लाशी संबंध आला की फॉस्फीन नावाचा विषारी वायू तयार होतो आणि काही तासांत उंदीर मरतो. पण हे झालं पुरेसं खाणाऱ्याचं. ज्यानं नुसतं चाखलं, तो आजारी पडतो आणि बरा होतो. बरा झाल्यावर ती चव, तो वास पक्का ध्यानात ठेवतो. ओढ्याच्या उतारावर एकदा पाय घसरलेला बैल पुन्हा तिथं पाऊल टाकायला तयार होत नाही, तसंच हे. मग कित्येक आठवडे, कधी कधी काही महिने, तो उंदीर त्या आमिषाला शिवत नाही. यालाच ‘आमिषाला बुजणं’ म्हणतात.

म्हणजे झिंक फॉस्फाईडची संधी एका हंगामात एकदाच मिळते, हे ध्यानात धरा. मादी साधारण तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी सहा-आठ पिलं देते. ती पिलंही दोन-तीन महिन्यांत विण्याजोगी होतात. दहा मारले आणि चार बुजरे मागे राहिले, तर पुढच्या हंगामात पहिले पाढे पंचावन्न!

मोहीम केव्हा घ्यावी?

शेतात खायला भरपूर असताना उंदीर आमिषाकडे ढुंकूनही पाहत नाही. दाणा भरलेल्या ज्वारीत विष टाकणं म्हणजे पंगतीत बसलेल्याला शिळा तुकडा दाखवणं. म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीस, खरीप पेरणीच्या आधी मोहीम घ्यावी. त्या वेळी रान मोकळं असतं, बांधावरची बिळं दिसतात आणि उंदीर भुकेला असतो. दुसरी वेळ पीक पोटरीत येण्यापूर्वीची. घूस तर कणसं तोडून बिळात कोठार भरते. तिचं कोठार भरण्याआधीच तिला गाठलं पाहिजे.

पाच दिवसांचं काम

पहिला दिवस : संध्याकाळी बांध, पाटाचे काठ, गंजीच्या बुडख्याची जागा फिरून सगळी बिळं मातीनं बुजवा.

दुसरा दिवस : सकाळी पाहा. जी बिळं पुन्हा उकरलेली दिसतील, तीच वावरातली बिळं. तिथं काठी रोवून खूण करा आणि बिळं मोजा. संध्याकाळी प्रत्येक बिळात सुमारे 20 ग्रॅम साधं, बिनविषारी खाद्य ठेवा. ठेचलेली ज्वारी किंवा तांदळाची कणी घेऊन तिला थोडं गोडेतेल चोळा. ज्या भागात उंदीर जे धान्य खातो, तेच घ्या.

तिसरा दिवस : खाद्य संपलं का ते पाहा. संपलं असेल तिथं पुन्हा ठेवा. हाच पाहुणचार! उंदराचा संशय फिटतो आणि तो पोटभर खाऊ लागतो. पुष्कळ बिळांतलं खाद्य तसंच पडलं असेल, तर आणखी एक-दोन दिवस थांबा. विषाची घाई करू नका.

चौथा दिवस : आता तेच धान्य, तेच तेल घ्या आणि त्यात विष मिसळा. 960 ग्रॅम भरड, 20 ग्रॅम गोडेतेल आणि 20 ग्रॅम झिंक फॉस्फाईड, असं एक किलो आमिष होतं. आधी भरडीला तेल चोळा, मग भुकटी टाकून काठीनं हलवा. पाणी घालू नका. दर बिळाला 10 ग्रॅम पुरे. म्हणजे एक किलोत 100 बिळं होतात. कागदाच्या पुडीत घालून संध्याकाळी बिळात खोलवर सारा आणि तोंड पाल्यानं झाका. बांधावर उघडं टाकू नका.

पाचवा दिवस : भल्या सकाळी मेलेले उंदीर आणि उरलेलं आमिष गोळा करून खोल खड्ड्यात पुरा. हातानं धरू नका, फावडं किंवा चिमटा वापरा. मग सगळी बिळं पुन्हा बुजवा.

मागे राहिलेल्यांसाठी

आठवड्याभरानं फिरून या. जी बिळं उघडी दिसतील, त्यांत बुजरे उंदीर आहेत. तिथं पुन्हा झिंक फॉस्फाईड टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं. तिथं ब्रोमाडिओलोनचं आमिष दर बिळाला 15 ग्रॅम ठेवा. या विषानं रक्त गोठणं थांबतं आणि उंदीर काही दिवसांनी मरतो. खाणं आणि मरण यांत दिवसांचं अंतर पडल्यामुळं त्याला विषाचा संशय येत नाही आणि तो बुजत नाही. त्याच्या तयार वड्याही मिळतात.

घरात काय करावं?

घरात झिंक फॉस्फाईड नको. लेकरं, कोंबड्या, मांजर यांच्या जिवाशी खेळ होतो. घरात सापळाच बरा. पण सापळ्यालाही पाहुणचाराचा नियम लागू आहे. तीन-चार रात्री सापळ्याचं दार बांधून उघडं ठेवा आणि आत भाकरीचा तुकडा किंवा भजं घाला. उंदीर बिनधास्त ये-जा करू लागला की मगच सापळा लावा. तो खोलीच्या मधोमध ठेवू नका, भिंतीला लागून ठेवा; उंदीर भिंतीच्या कडेनंच पळतो. ब्रोमाडिओलोनची वडी ठेवायचीच तर बांबूच्या नळकांड्यात किंवा फुटक्या मडक्याखाली, पोरांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा.

दाराखाली फट असेल तर पत्र्याची पट्टी ठोका. धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवा, पोती भिंतीपासून दूर, फळीवर रचा. रात्री खरकटं उघडं ठेवू नका. खायला मिळालं नाही, तर उंदीर सापळ्याकडं लवकर वळतो.

जपा, जिवाला जपा

विष कालवताना हातमोजे घाला, नाका-तोंडाला फडकं बांधा. वाऱ्याकडं पाठ करून उघड्यावर काम करा. विडी-तंबाखू नको. स्वयंपाकाची भांडी वापरू नका. काम झाल्यावर साबणानं हात-पाय धुवा. विष कुलपात ठेवा. आमिष टाकायच्या दिवशी गावात दवंडी द्या. शेरडं, कोंबड्या, कुत्री बांधून ठेवा.

चुकून कुणाच्या पोटात विष गेलं तर दूध, तूप, तेल पाजू नका. घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याला तडक दवाखान्यात न्या आणि विषाचं पाकीट बरोबर घ्या. झिंक फॉस्फाईडवर नेमका उतारा नाही. ब्रोमाडिओलोनवर जीवनसत्त्व ‘के-1’ हा उतारा आहे, पण तो डॉक्टरांनीच द्यायचा.

आणखी एक. विष टाकलेलं नसताना गावात उंदीर पटापट मरून पडू लागले, तर ताबडतोब आरोग्य केंद्राला कळवा. 1994 साली बीड जिल्ह्यात आणि सुरतेत प्लेगनं केलेली धावपळ पुष्कळांना आठवत असेल. उंदराच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोचा ताप होतो. भातखाचरात काम करताना पायाला जखम असेल तर ती झाका, आणि ताप आला तर अंगावर काढू नका.

एकट्यादुकट्याचं काम नव्हे

आपण आपल्या शेतातले उंदीर मारले आणि शेजाऱ्यानं बांध तसाच ठेवला, तर महिन्याभरात त्याचे उंदीर आपल्याकडं पाहुणे. म्हणून शिवारातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी बिळं बुजवावीत आणि एकाच संध्याकाळी आमिष टाकावं. बांध रुंद असतील तर ते कमी करा, गवत काढा. शेतात टी आकाराच्या काठ्या रोवा. रात्री घुबडं बसतात आणि उंदीर टिपतात. घुबडाला अपशकुनी म्हणून हुसकू नका आणि धामण दिसली म्हणून काठी उचलू नका. ही दोघं बिनपगारी राखणदार आहेत. विषानं मेलेला उंदीर पुरायचा तो त्यांच्यासाठीसुद्धा. तो खाऊन आपला राखणदारच मरायचा.

तेव्हा मंडळी, दोन दिवस धीर धरा. पसाभर साधी ज्वारी आधी खर्ची घाला. पोत्यानं ज्वारी वाचेल. ही पत्रिका वाचून झाली की शेजाऱ्याला द्या, आणि बिळं बुजवायचा दिवस दोघं मिळून ठरवा.