अठाई, पच्चक्खाण आणि गल्ल्यातली गोळी

गेल्या पर्युषणातील माझ्या अठाईचा तो चौथा दिवस होता. प्रवचन आटोपून घटकाभर मार्केट यार्डातील आमच्या आडतीच्या दुकानात जाऊन बसलो होतो. नव्या मुगाची आवक सुरू झाली होती. काट्यावरची नजर काढून पट्टीच्या वहीकडे वळवली आणि डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखे झाले. पुन्हा नजर वळवली, पुन्हा झटका. हातापायांना घाम, पोटात ढवळणे, आणि कारण नसताना हमालावर ओरडावेसे वाटण्याइतका संताप. घरी आलो तेव्हा थोरले बंधू म्हणाले, ‘उपवासाचा अशक्तपणा आहे, दोन दिवसांत बसेल.’ सर्वांना ते पटले. खरे कारण फक्त माझ्या धर्मपत्नीला ठाऊक होते. दीड वर्षापासून मी नैराश्यावरील एस्सिटालोप्राम या औषधाची १० मिलिग्रॅमची गोळी रोज घेत होतो आणि उपवासाचे पच्चक्खाण घेताच ती एकदम बंद केली होती.

गोळ्यांची पट्टी मी गल्ल्यात, जुन्या पावत्यांखाली ठेवीत असे. कन्येचे लग्न ठरायचे होते. ‘मुलीचे वडील मेंदूची औषधे घेतात’ हे वाक्य समाजात किती वेगाने फिरते, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. या लपवाछपवीमुळेच मी ना डॉक्टरांना विचारले, ना साध्वीजींना.

औषधाची सुरुवातही सुखाची नव्हती. पहिले दहा-बारा दिवस मळमळ, तोंडाला कोरड आणि तुटक झोप. मन हलके होण्याची चिन्हे मात्र चौथ्या आठवड्यात दिसली. या औषधांची रीतच अशी की, त्रास आधी आणि लाभ मागाहून, साधारण दोन ते सहा आठवड्यांनी. पुष्कळ जण याच उंबरठ्यावरून परततात. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणानंतर गोळी घेऊ लागल्यावर माझी मळमळ थांबली. दांपत्यजीवनातील इच्छा मंदावणे हा परिणाम मात्र टिकून राहतो आणि त्याविषयी आपल्याकडे पती पत्नीशी बोलत नाही, रुग्ण डॉक्टरांशी बोलत नाही. बोलल्यास मात्रा किंवा औषध बदलता येते. न बोलल्यास गोळी गुपचूप कचऱ्यात जाते. साठी ओलांडलेल्यांच्या रक्तातील सोडियम या औषधांनी घटू शकते, म्हणून त्यांनी दीर्घ उपवासापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. पंचविशीच्या आतील मुलामुलींवर पहिले काही आठवडे घरच्यांची नजर हवी; त्या काळात काहींच्या मनात जीव देण्याचे विचार बळावतात.

आणखी एक गोष्ट आपल्याच घरांपुरती. प्रथम मला जे औषध लिहून दिले होते, ते कॅप्सूलमध्ये होते. कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेले असते. मी ते डॉक्टरांना सांगितले आणि त्यांनी गोळीच्या रूपात मिळणारे औषध दिले. एवढे सोपे होते. पण अनेक घरांत ही बाब मधेच कळते आणि औषध त्याच दिवशी फेकले जाते. काही जण कॅप्सूल उघडून आतले दाणे घेतात. औषध हळूहळू सुटावे म्हणून त्या दाण्यांवर विशेष लेप असतो, तेव्हा हा उपाय डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नये.

पाचव्या दिवशी पत्नीने माझे न ऐकता डॉक्टरांना फोन लावला. ते रागावले नाहीत. म्हणाले, ‘शेठ, हा आजार परतलेला नाही आणि हे व्यसनही नाही. शरीराला औषधाची सवय झाली होती, ती तुम्ही एका दिवसात मोडलीत.’ यातील भेद मला त्यांनीच समजावला. औषध तुटल्याचा त्रास काही दिवसांतच सुरू होतो आणि त्यात चक्कर, झटके, विचित्र स्वप्ने, चिडचिड असते. आजार परततो तो सहसा आठवड्या-महिन्यांनी, हळूहळू, जुनी उदासी घेऊन. व्यसनात अधिकाची ओढ असते, मात्रा वाढवत न्यावीशी वाटते. येथे तसे काही नसते. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन यांचा अंश शरीरातून लवकर निघून जातो म्हणून त्यांचा त्रास अधिक. फ्लुऑक्सेटिन रेंगाळते म्हणून कमी. गोळी पुन्हा सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी माझे झटके थांबले.

अठाई मोडली याची खंत फार झाली. साध्वीजींपुढे सारे सांगितले. त्यांनी पच्चक्खाणातील आगारांची आठवण करून दिली. चित्ताची समाधी ढळू नये म्हणून औषधाची सवलत त्या पाठातच आहे. आयुष्यभर मी तो पाठ ऐकत आलो होतो.

मग प्रश्न उरला तो औषध सोडण्याचा. इंग्लंडमधील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. बरे वाटत असलेल्या, दीर्घकाळ औषध घेणाऱ्या ४७८ जणांचा तो अभ्यास होता. औषध कमी करत बंद केलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना वर्षभरात आजार परतला. चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना. डॉक्टरांनी हे आकडे सांगितले तेव्हा मी आधी घाबरलो आणि मग दुसरी बाजू पाहिली. सोडणाऱ्यांपैकी ४४ जण शंभरात टिकले, आणि घेत राहणाऱ्यांनाही पूर्ण हमी नव्हती. ज्यांना आजार वारंवार झाला आहे, त्यांचा हिशेब अर्थातच निराळा. माझे पहिलेच वेळेचे दुखणे होते.

कमी कसे करायचे, यातही एक मेख आहे. मेंदूवरील परिणाम मात्रेच्या प्रमाणात सरळ घटत नाही. नेहमीच्या लहान मात्रेतच बहुतेक परिणाम साधलेला असतो. म्हणून दहावरून पाच मिलिग्रॅमवर येणे सोपे आणि पाचवरून शून्यावर येणे कठीण. शेवटचे टप्पे अधिक लहान आणि अधिक सावकाश हवेत. पूर्वी दोन-चार आठवड्यांत औषध बंद करीत. हा त्रास काहींना तीव्र आणि दीर्घ होऊ शकतो, हे ब्रिटनमधील मनोविकारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१९ मध्ये मान्य केले. डॉक्टरांनी मला विचारले, ‘तुमच्या धंद्यातले निवांत महिने कोणते?’ मी आषाढ म्हणालो. दिवाळीच्या वहीपूजनाच्या आसपास मात्रा बदलायची नाही, हेही तेव्हाच ठरले.

घरात कोणी ‘मी नसलो तर बरे’ असे बोलू लागले, तर मात्र पुढल्या भेटीची वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. शासनाची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते.

आषाढात मी साडेसात मिलिग्रॅमवर आलो, आता पाचवर आहे. यंदा अठाई केली नाही, एकासणी केली. जेवणाच्या त्या एकाच बैठकीत गोळीही घेतली. कन्येचा साखरपुडा झाला. व्याह्यांना मी स्वतःच सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले आणि मग त्यांनी हलक्या आवाजात माझ्या डॉक्टरांचा पत्ता विचारला. पट्टी आता गल्ल्यात नसते. स्वयंपाकघरातील फळीवर, बंधूंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांशेजारी असते.